पौरुषेय वचन आणि शस्त्राचा अधिकार

टेक्सस राज्यातील युवाल्डी या गावी २४ मे २०२२ रोजी प्राथमिक शाळेतील १९ मुले आणि २ शिक्षिका बंदुकीच्या गोळ्यांना बळी पडल्या. मारेकरी नुकताच अठरा वर्षांचा झाला होता आणि त्याने बंदूक कायदेशीर मार्गाने विकत घेतली होती. त्यापूर्वी, डिसेंबर २०१२ मध्ये, कनेटिकट राज्यातील सँडी हुक शाळेत २० मुले आणि ६ प्रौढ व्यक्ती अशाच मारल्या गेल्या होत्या. अशा प्रत्येक हत्याकांडानंतर अमेरिकेत बंदुकांवरील निर्बंध कडक करावेत की नाहीत, हा वाद पेट घेतो आणि बहुधा काही आठवड्यांत विझून जातो. बंदूकधारकांच्या संघटनांचे राजकीय वजन हे त्याचे कारण म्हणून सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. परंतु या वादाला आणखी एक अंग आहे व साहित्याच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेणे अगत्याचे आहे. हा वाद फिरून फिरून एका वाक्याच्या अर्थापाशी येऊन थांबतो.

हे वाक्य म्हणजे १७९१ साली अमेरिकी राज्यघटनेला जोडलेली दुसरी दुरुस्ती होय. मूळ इंग्रजीत ते अवघ्या २७ शब्दांचे आहे. त्याच्या पूर्वार्धात सुव्यवस्थित नागरी सेना ही स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेस आवश्यक असल्याचे म्हटले आहे. उत्तरार्धात लोकांच्या शस्त्रे बाळगण्याच्या अधिकारास बाध आणू नये, अशी आज्ञा आहे. पूर्वार्धाची रचना संस्कृतातील सतिसप्तमीची आठवण करून देते. तो स्वतंत्र उभा राहत नाही, मुख्य वाक्याला टेकून राहतो. मात्र तो मुख्य वाक्याचे कारण सांगतो की केवळ प्रस्तावना करतो, हा वादाचा विषय आहे. राजधानी वॉशिंग्टनमधील पिस्तूलबंदीचा हेलर खटला २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा इंग्रजी व भाषाविज्ञान या विषयांच्या तीन प्राध्यापकांनी पूर्वार्ध कारणवाचकच आहे, अशा आशयाचे निवेदन न्यायालयास सादर केले होते. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी वेगळा कौल दिला. बहुमताचे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती स्कालिया यांच्या मते पूर्वार्ध प्रयोजन जाहीर करतो, आज्ञेला मर्यादा घालीत नाही. म्हणून स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा अधिकार ठरतो. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी आपल्या भिन्न मतात नागरी सेनेचा उल्लेख हाच त्या अधिकाराची व्याप्ती ठरवितो, असे प्रतिपादन केले.

भारतीय अभ्यासकाला हा वाद परका वाटू नये. जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील हेतुवन्निगदाधिकरणात याच जातीचा प्रश्न आला आहे. सुपाने होम करावा, कारण त्याने अन्न सिद्ध होते, अशा आशयाचे श्रुतिवचन तेथे विचारास घेतले आहे. पूर्वपक्षाचे म्हणणे असे, की ज्या अर्थी कारण दिले आहे, त्या अर्थी ते कारण जेथे लागू पडेल ती पळी वा ते भांडेही होमास चालावे. सिद्धान्त असा, की हे खरे कारण नव्हे, कारणासारखा भासणारा अर्थवाद आहे. तो सुपाची स्तुती करतो, विधीची व्याप्ती ठरवीत नाही. स्कालिया यांचे वाचन या सिद्धान्ताच्या बरेच जवळ जाते.

परंतु साम्य येथेच संपते. मीमांसकांना असा निर्णय देता आला, कारण त्यांच्या दृष्टीने वेद अपौरुषेय होते. ज्या वचनाला कर्ताच नाही, त्याच्यामागे कर्त्याचा हेतू शोधण्याचे प्रयोजन उरत नाही. माणसांनी रचलेल्या स्मृतींकडे मात्र त्यांनी निराळ्या नजरेने पाहिले. स्मृतिवचनामागे लोभासारखा दृष्ट हेतू आढळल्यास ते वचन प्रमाण मानू नये, असे शबरस्वामींसारखा भाष्यकार सांगतो. अमेरिकी राज्यघटना तर सर्वार्थाने पौरुषेय आहे. तिचे कर्ते, त्यांचे वादविवाद, त्यांच्या तडजोडी हे सारे इतिहासात नोंदलेले आहे. खड्या सैन्याचे भय आणि घटक राज्यांच्या नागरी सेना दुबळ्या होतील ही शंका, यांच्या छायेत ते वाक्य लिहिले गेले. अशा वचनातील प्रयोजन अर्थवाद म्हणून बाजूस सारणे म्हणजे पौरुषेय वचनाला अपौरुषेयाचा मान देणे होय.

या दृष्टीचा परिणाम पुढील निकालांत दिसतो. २०२२ च्या ब्रुएन खटल्यात न्यायालयाने अशी कसोटी घालून दिली, की शस्त्रावरील निर्बंध राष्ट्राच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळला पाहिजे. आजच्या लोकहिताशी त्याचा तोल पाहण्यास तेथे वाव नाही. २०२४ च्या रहीमी खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी या कसोटीला थोडी मुरड घालण्यात आली. घरगुती हिंसेमुळे न्यायालयाने ज्याच्यावर मनाईहुकूम बजावला आहे, अशा माणसाचे शस्त्र काढून घेण्यास जुन्या कायद्यातील हुबेहूब दाखला लागत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ते स्पष्ट करण्याची पाळी यावी, यातच कसोटीची अडचण उघड होते.

निर्बंधांच्या विरोधकांचे सर्वच म्हणणे टाकाऊ नाही. त्यांचा सर्वांत गंभीर युक्तिवाद असा, की शस्त्रबंदी हे सत्तेचे जुने हत्यार आहे. यादवी युद्धानंतर दक्षिणेकडील राज्यांनी नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना निःशस्त्र ठेवणारे कायदे केले, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे. भारतीयांना हा अनुभव ठाऊक आहे. लिटनच्या काळातील १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याच्या जाचात अडकविले व युरोपियनांना मोकळे सोडले. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मान्य केलेल्या मूलभूत हक्कांत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता, तो याच अपमानाची आठवण ठेवून.

म्हणूनच डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत जे घडले, ते या वादात उद्बोधक ठरते. हरि विष्णु कामत यांनी शस्त्रधारणेचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला उत्तर देताना काँग्रेसची जुनी मागणी नाकारली नाही. ती ज्या परिस्थितीत केली गेली ती परिस्थिती आता राहिलेली नाही, एवढेच त्यांनी दाखविले. परक्या सरकारने जित लोकांना निःशस्त्र ठेवणे वेगळे, आणि प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते शस्त्र निर्वेधपणे विकत घेता आल्यास स्वतंत्र राज्याचा कारभार चालणार कसा, हा प्रश्न वेगळा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली आणि शस्त्राचा विषय साध्या कायद्याकडे गेला. आज तो १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतो. चोरटी शस्त्रे भारतातून नाहीशी झाली असे नव्हे. पण निर्बंध बदलावयाचा झाल्यास भारतीय संसदेला पूर्वजांची अनुमती शोधावी लागत नाही.

ही मोकळीक ज्या देशांना होती त्यांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. १९९६ साली स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे १६ मुले व त्यांची शिक्षिका मारली गेल्यावर ब्रिटनने १९९७ मध्ये खाजगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आणली. त्याच वर्षी, १९९६ मध्ये, टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेली आणि दोन आठवड्यांच्या आत ऑस्ट्रेलियातील सरकारांनी समान नियमांवर करार केला. सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या गेल्या. न्यूझीलंडमध्ये मार्च २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जण मारले गेले आणि महिन्याभरात संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी नवा कायदा संमत केला. या कायद्यांनी हिंसेचे मूळ उपटले असा दावा कोणी करू नये. मात्र तेथे शोकातून प्रश्न निघाला तो आजचा होता, आणि उत्तरही आजच्या माणसांनीच दिले.

अमेरिकेतील सारा दोष न्यायालयाच्या माथी मारणेही न्याय्य होणार नाही. हेलर निकालाने हा अधिकार अमर्याद नाही असे स्वतःच म्हटले आहे. सँडी हुकनंतर, २०१३ मध्ये, बंदूक-विक्रीपूर्वी ग्राहकाच्या पार्श्वभूमीची तपासणी अधिक व्यापक करणारा प्रस्ताव सिनेटमध्ये ५४ मते मिळूनही पडला, कारण ६० मते हवी होती. युवाल्डीनंतर जून २०२२ मध्ये संमत झालेल्या कायद्याने एकवीस वर्षांखालील ग्राहकांची तपासणी कडक केली. म्हणजे इच्छा असेल तेथे वाट निघते. जेथे इच्छा नसते तेथे घटनेतील वाक्य आडोसा म्हणून उपयोगी पडते.

हा आडोसा दूर करणे हे वाचनाचे काम आहे. सर्व विक्रीला पार्श्वभूमीची तपासणी लागू करणे, भारी बंदुका विकत घेण्याचे वय वाढविणे आणि हिंसेचा धोका दिसणाऱ्याचे शस्त्र न्यायालयाच्या आदेशाने काही काळ काढून घेणे, यांपैकी एकही उपाय त्या २७ शब्दांच्या प्रयोजनाशी विसंगत नाही. उलट सुव्यवस्था हा शब्द त्या वाक्याच्या आरंभीच आहे. ग्रंथाचा आदर त्याच्या कर्त्यांना माणूस मानून, त्यांच्या भीतीसह आणि हेतूसह करता येतो. त्यांना ऋषी मानून त्यांच्या नावाने आज होणारी हानी निमूटपणे पाहणे, हा ग्रंथाचा आदर नव्हे.