बोटीतल्या दोन जागा

गेल्या जानेवारीतील एका सकाळी अंदमानातील फीनिक्स बे धक्क्यावरून स्वराज द्वीपाकडे निघालेल्या सरकारी बोटीत माझ्या समोरच्या बाकावर एक तरुण जोडपे बसले होते. पायाशी दोन मोठ्या सॅक, हातात वही. इंदूरहून आलेले, दोघेही खासगी नोकरीत. रजा साठवून अठरा दिवसांसाठी बाहेर पडले होते. पर्यटन कंपनीचा ठरीव कार्यक्रम नाही, आलिशान हॉटेलचे आरक्षण नाही. स्वराज द्वीप, मग शहीद द्वीप, तेथून लाँग आयलंड आणि जमल्यास थेट उत्तरेला दिगलीपूर, असा बेत वहीत लिहिलेला होता. बोटीने जायचे, कोणाच्या तरी घरातील भाड्याच्या खोलीत राहायचे आणि बाजारातील खाणावळीत जेवायचे, एवढेच त्यांचे नियोजन.

त्यांच्या शेजारी एक वृद्ध बंगाली बाई होत्या. डोळ्यांवरील उपचारासाठी त्या मुलासह राजधानीत आल्या होत्या आणि आता घरी परतत होत्या. मुलगा मात्र बोटीत नव्हता. आदल्या दिवशी एकच तिकीट मिळाले, म्हणून तो दुपारच्या बोटीची वाट पाहत मागे राहिला होता. हे कळल्यावर त्या तरुणीने मला हलक्या आवाजात विचारले, ‘‘काका, आम्ही दोघं आज या बोटीत नसतो, तर त्यांचा मुलगा असता का?’’

मी काहीतरी समजुतीचे उत्तर दिले. बेटांवरील रहिवाशांना ओळखपत्र मिळते, त्यांना भाडे कमी पडते, वगैरे. हे सारे खरे होते आणि तरीही तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. तीन दशकांहून अधिक काळच्या सरकारी सेवेत पर्यटनविषयक अनेक धोरणपत्रे माझ्या टेबलावरून गेली. त्यांत खोल्या, गुंतवणूक, रोजगार आणि विमानफेऱ्या यांचे तक्ते असत. बोटीतील जागा कोणाची, हा प्रश्न त्यांपैकी एकातही वाचल्याचे मला स्मरत नाही. द्वीपप्रदेशांतील पर्यटनाचा विचार याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवा, असे माझे मत आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. मुख्यभूमीने या बेटांकडे नेहमीच मोकळी जागा म्हणून पाहिले आहे. आर्चिबाल्ड ब्लेअरने १७८९ मध्ये येथे वसाहत मांडली. रोगराईमुळे ती १७९६ मध्ये गुंडाळावी लागली. १८५७ च्या उठावानंतर बंडवाल्यांना कोठे ठेवायचे, असा प्रश्न पडला तेव्हा इंग्रजांना या जागेची पुन्हा आठवण झाली आणि १८५८ मध्ये ‘काळ्या पाण्या’ची वसाहत उभी राहिली. त्या वेळी ग्रेट अंदमानी लोकांची संख्या हजारांच्या घरात होती. १९६१ च्या जनगणनेत ते अवघे १९ उरले होते. स्वातंत्र्यानंतर पूर्व बंगालमधील निर्वासितांना येथे जमिनी देण्यात आल्या. बोटीतील बाईंचे सासरे त्याच पिढीतले. ज्या दोन बेटांवर आज सर्वाधिक पर्यटक जातात, त्यांना दीड शतकाहून अधिक काळ हॅवलॉक आणि नील या उठाव चिरडणाऱ्या सेनानींची नावे होती. नेताजींनी अंदमानात तिरंगा फडकवल्याला ७५ वर्षे झाली, त्या दिवशी म्हणजे ३० डिसेंबर २०१८ रोजी ती बदलून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी झाली. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचेही श्री विजयपुरम झाले. नावे बदलली, हे योग्यच झाले. दृष्टी मात्र फारशी बदललेली नाही. कैदी, निर्वासित, पर्यटक आणि आता मालवाहू जहाजे, यांपैकी जे मुख्यभूमीला सोयीचे, ते बेटांवर उतरवायचे. आधीपासून तेथे असलेल्यांनी सरकून जागा करून द्यायची.

आता आकड्यांकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार अंदमान-निकोबारची लोकसंख्या ३ लाख ८० हजार होती. करोनापूर्व काळात तेथे वर्षाला सुमारे पाच लाख पर्यटक येत होते, म्हणजे यजमानांपेक्षा पाहुणे अधिक. जुलै २०२३ मध्ये राजधानीच्या विमानतळाची नवी इमारत सुरू झाली. सुमारे ७१० कोटी रुपये खर्चून बांधलेल्या या इमारतीची क्षमता वर्षाला ५० लाख प्रवाशांची आहे. येणारे आणि जाणारे असे दोन्ही त्यात मोजले जातात, हे धरले तरी लोकसंख्येच्या सहापटीहून अधिक माणसे उतरवून घेण्याची ही सोय आहे. परंतु विमानातून उतरलेला प्रवासी दुसऱ्या दिवशी धक्क्यावर जातो, आणि तेथील क्षमता एका उद्घाटनाने वाढत नाही. जहाज बांधायला वर्षे लागतात. ते दुरुस्तीसाठी गोदीत गेले की त्याची फेरी रिकामी राहते, आणि समुद्र खवळला की वेळापत्रकाला अर्थ उरत नाही. स्वराज आणि शहीद द्वीपांकडे खासगी वेगवान बोटी धावतात, कारण तेथे जादा भाडे देणारा पर्यटक आहे. लाँग आयलंड, लिटल अंदमान आणि निकोबारच्या रहिवाशांचा भरवसा अजूनही सरकारी बोटीवरच आहे.

पाण्याचे गणितही असेच आहे. अंदमानात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात तेथे पाणीटंचाई असते. छोट्या बेटांवर पाणी साठवायला मोठ्या नद्या नाहीत आणि जानेवारी ते एप्रिल हा कोरडा काळ. पर्यटनाचा भर हंगाम नेमका याच महिन्यांत येतो. विहिरीतले पाणी तळाला जाऊ लागते, तेव्हाच आंघोळीच्या फवाऱ्यांची संख्या वाढलेली असते.

बोटीच्या जागेचा प्रश्न केवळ गैरसोयीचा असता, तर कदाचित मी हा लेख लिहिला नसता. या जोडप्याचे पुढे काय झाले, ते दोन आठवड्यांनी त्या तरुणाने मला फोनवर सांगितले. लाँग आयलंडच्या बोटीत त्यांना जागा मिळाली नाही. ते राजधानीत परतले आणि रंगतकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले. ही बस अंदमान ट्रंक रोडने, जारवा जमातीच्या राखीव क्षेत्रातून जाते. जिरकाटांगच्या नाक्यावर वाहने थांबवली जातात, ताफा तयार होतो, छायाचित्रे काढू नका, थांबू नका, अशा सूचना दिल्या जातात आणि मग रांगेने सारे जंगलात शिरतात. ‘‘आम्ही काहीच केलं नाही. पण बसमधले सगळे खिडकीबाहेरच बघत होते. आम्हीही,’’ तो म्हणाला.

जारवांची संख्या काही शेंच्याच घरात आहे. त्यांनी १९९८ पर्यंत बाहेरच्या जगाशी स्वतःहून संबंध ठेवला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २००२ रोजी या रस्त्याचा राखीव क्षेत्रातून जाणारा भाग बंद करण्याचा आदेश दिला. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली, त्यानंतर १९५६ च्या आदिवासी संरक्षण विनियमातील शिक्षा कडक झाल्या. दोन दशकांहून अधिक काळ लोटला, ताफे मात्र सुरूच आहेत. मध्य आणि उत्तर अंदमानातील रुग्ण, विद्यार्थी आणि धान्य यांच्यासाठी हाच मार्ग आहे, असा युक्तिवाद केला जातो. तो खोटा नाही. समुद्रमार्ग विश्वासार्ह नाही तोवर तो खराच राहणार. म्हणूनच उत्तरेकडे जाणाऱ्या बोटीत नियमितपणे जागा मिळणे, हा जारवांच्या संरक्षणाचा सर्वांत कमी गाजावाजा होणारा आणि बहुधा सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

यावर धोरणकर्त्यांचे एक ठरलेले उत्तर असते: संख्येने थोडे पण खर्चाने मोठे पर्यटक आणावेत. सॅकवाल्यांची गर्दी कशाला हवी? नीती आयोगाने लाँग आयलंड, स्मिथ, एव्हस आणि शहीद द्वीप येथे खासगी भागीदारीतून उच्चभ्रू रिसॉर्टचे प्रस्ताव मांडले, त्यामागे हीच भूमिका आहे. वरवर ती पटण्याजोगी आहे. पण आलिशान खोलीला पोहण्याचा तलाव लागतो, हिरवळ लागते, रोज धुतलेल्या चादरी लागतात आणि हे सारे गोड्या पाण्यावर चालते. तिथले अन्न, फर्निचर आणि व्यवस्थापक बहुतांशी मुख्यभूमीवरून येतात. नफाही तिकडेच परततो. उलट त्या जोडप्याने दिलेले खोलीचे भाडे एका कुटुंबाच्या हातात पडले, जेवणाचे पैसे बाजारातील खाणावळवाल्या बाईला मिळाले आणि भाजी शहीद द्वीपाच्या मळ्यातली होती. खर्च थोडा होता, पण तो बेटावरच राहिला.

लक्षद्वीपच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच निकडीचा आहे. तेथील सर्व बेटांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे ६४ हजार. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या भेटीची छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यानंतर या बेटांविषयी देशभर कुतूहल उसळले आणि खाजणातील आलिशान व्हिलांच्या योजनांना नवे बळ मिळाले. प्रवाळाच्या या बेटांवर गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. तो जास्त उपसला की विहीर खारट होते. कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प उभा राहिला, त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर. सरकारने रहिवाशांची गरज ओळखून केलेल्या कामाचा हा चांगला नमुना आहे. चेन्नईहून अंदमानला नेलेली आणि २०२० मध्ये सुरू झालेली सुमारे २३०० किलोमीटरची सागरी केबल हा दुसरा. तिचा लाभ बेटावरील विद्यार्थ्याला आणि पर्यटकाला सारखाच होतो. मग हीच बुद्धी जलवाहतुकीला का लावू नये? ग्रेट निकोबारच्या प्रकल्पाचा मूळ अंदाजित खर्च ७२ हजार कोटी रुपये आणि त्यासाठी वळवायचे जंगल १३० चौरस किलोमीटर. त्या रकमेचा अगदी लहानसा अंश आंतरद्वीप बोटींसाठी राखून ठेवला, तरी पुष्कळ काही साधेल.

सॅकवाला पर्यटक निष्पाप असतो, असे मी म्हणत नाही. ‘अस्पर्शित’ जागेचा ध्यास त्यालाच अधिक असतो. आज त्याने शोधलेला किनारा उद्या सर्वांचा होतो. थायलंडच्या माया बेची कीर्ती चित्रपटामुळे पसरली. जून २०१८ मध्ये प्रवाळ वाचवण्यासाठी तो किनारा बंद करावा लागला आणि २०२२ च्या जानेवारीत तो कडक मर्यादांसह उघडला. फिलिपिन्सने सांडपाण्यामुळे बोराकाय बेट २०१८ मध्ये सहा महिने बंद ठेवले. दोन्ही ठिकाणी क्षमता मोजण्याचे काम नुकसान झाल्यानंतर झाले. आपल्याला ते आधी करण्याची संधी अजून आहे.

त्यासाठी चार गोष्टी करता येतील. पहिली, प्रत्येक बेटाची पर्यटकक्षमता हॉटेलच्या खोल्यांवरून न ठरवता कोरड्या महिन्यांतील पाणी, बोटीच्या जागा आणि मुख्यभूमीवर परत नेता येणारा कचरा यांवरून ठरवावी; तिघांपैकी जे सर्वांत कमी, तीच मर्यादा. दुसरी, सरकारी बोटींत रुग्ण आणि त्यांच्या सोबत्यांसाठी अखेरच्या क्षणापर्यंत राखीव जागा असाव्यात. तिसरी, खासगी वेगवान बोटींच्या तिकिटांवर अधिभार लावून ती रक्कम दूरच्या बेटांच्या फेऱ्यांसाठीच वापरावी. चौथी, मध्य आणि उत्तर अंदमानकडे जाणाऱ्या पर्यटकांना ट्रंक रोडऐवजी केवळ समुद्रमार्गानेच जाऊ द्यावे, आणि त्यासाठी लागणाऱ्या बोटी धावू लागेपर्यंत तिकडील पर्यटनाची जाहिरात थांबवावी. या गोष्टींना घटनादुरुस्ती लागत नाही. पंचायतींना विश्वासात घेऊन आणि वेळापत्रक पाळून हे करता येते. प्रशासनाला नेमके तेच अवघड जाते, हे मी अनुभवाने सांगतो.

त्या सकाळी बोट स्वराज द्वीपाला लागली, तेव्हा जोडप्याने बाईंची पिशवी धक्क्याबाहेर नेली आणि रिक्षा हवी का, असे विचारले. बाई नको म्हणाल्या. त्या झाडाच्या सावलीत दगडावर बसल्या, पदराने डोळे झाकून घेतले आणि तेथेच थांबल्या. मुलाला यायला अजून चार-पाच तास होते.