फोडणी आपली, भाजी इथली

मंडळाच्या जुलैच्या पिकनिकचा मेनू परवा हाती आला. श्रीखंड-पुरी, बटाटेवडे, मसालेभात, कुरडया आणि शेवटी मँगो मस्तानी! वाचून तोंडाला पाणी सुटलं हे आधीच कबूल करते, नाहीतर पुढचं वाचून कुणी मला अरसिक ठरवायचं.

तो कागद फ्रीजवर लावायला गेले, तर शेजारी दुसरा कागद होता. ह्यांच्या रक्ततपासणीचा. एचबीएवनसी ६.२. ‘प्रीडायबेटिस’ ५.७ ते ६.४ पर्यंत धरतात, म्हणजे आमची गाडी पुढच्या स्टेशनाच्या जवळच आलेली. डॉक्टरांनी विचारलं होतं, “खाणं कसं असतं?” हे ऐटीत म्हणाले, “घरचंच, साधं.” मी गप्प बसले. कारण फ्रीझरमध्ये काय आहे ते मला ठाऊक होतं: पराठे, समोसे, तोंडली, गवार. कपाटात आमरसाचे चार डबे. बाहेर न्यू जर्सीची शेतं पिकाने भरलेली आणि आमच्या घरात बारा महिने एकच ऋतू, डबाबंद!

फ्रोजन भाजीला मी नावं ठेवत नाही. हिवाळ्यात तिनेच आपल्याला जगवलं आहे आणि पोषणातही ती फारशी कमी नसते. पण तिच्यासाठी ओक ट्री रोडला गेलं की गाडीत पराठे, फरसाण आणि गोड आमरसाचे डबेही येतात. पराठ्याच्या पाकिटावरचे मिठाचे आणि तेलाचे आकडे एकदा चष्मा लावून वाचा.

गंमत म्हणजे हे सगळं आपण परंपरेच्या नावाखाली खातो. आपल्या आज्या मात्र बाजारात जे येई ते शिजवत. चैत्रात कैरीची डाळ, पावसाळ्यात तवसाचं धोंडस, थंडीत हुरडा. त्यांची परंपरा म्हणजे हंगाम. तसं पाहिलं तर न्यू जर्सी म्हणजे ‘गार्डन स्टेट’. ‘रटगर्स’ टोमॅटो १९३४ साली इथल्याच विद्यापीठाने दिला. लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक १९१६ साली इथल्याच व्हाइट्सबॉगहून बाजारात गेलं; एलिझाबेथ व्हाइट आणि फ्रेडरिक कोव्हिल ह्यांची ती मेहनत. अशा गावी राहून आपण डबे फोडत बसावं?

गेल्या उन्हाळ्यात मी दर शनिवारी फार्मर्स मार्केटला जायचा नेम केला. त्यातून आमच्या घरी रुळलेले चार पदार्थ सांगते.

मक्याचा कीस : इंदूरकडच्या मराठी घरांतून आलेला. चार कोवळी कणसं किसणीवर किसा. एक चमचा तुपात जिरं, हिंग, हिरवी मिरची, हळद घालून कीस परता. इथला मका रसाळ, म्हणून दूध अर्धी वाटीच पुरतं आणि साखर तर नकोच. वाफ आली की लिंबू, कोथिंबीर. मात्र मका हा पिष्टमय. तो पोळी-भाताच्या जागी खायचा, जोडीला नाही.

झुकिनीची पीठ पेरून भाजी : ऑगस्टमध्ये झुकिनी विकत घ्यावीच लागत नाही, शेजारी दारात आणून ठेवतात! लसणाच्या फोडणीत फोडी परता, झाकण ठेवू नका. भाजीला पाणी सुटलं की कोरडं भाजलेलं बेसन वरून पेरा. तेच पाणी पीठ शोषून घेतं.

टोमॅटोचं सार : पिकलेले टोमॅटो उकडून, गाळून, वर तुपाची जिऱ्याची फोडणी. जर्सी टोमॅटोला स्वतःची गोडी असते, गूळ लागत नाही. उन्हाळ्यात गार करूनही छान लागतं.

पीचचा चक्का : बिनसाखरेचं दही रात्री फडक्यात बांधून ठेवा. सकाळी त्यात पिकलेल्या पीचच्या फोडी, वेलची, मूठभर ब्लूबेरी. हे आम्रखंड नव्हे, आणि तसं म्हणून कुणाला फसवूही नये. पण दोन वाट्या खाल्ल्या तरी मन खात नाही.

आता हिशेब. हापूसची एक पेटी गेल्या मेमध्ये मी पन्नास डॉलर्सच्या आसपास घेतली. ती घेईनच, वर्षातून एकदा. पण शनिवारी बाजार उठता उठता गेलं की डागी टोमॅटो बऱ्याचदा स्वस्तात मिळतात. सारासाठी तेच उत्तम. आठवड्याला जेवढं लागेल तेवढंच आणल्याने माझ्याकडे भाजी फेकून देणं जवळजवळ थांबलं.

मैत्रीण म्हणाली, “अगं, पिकनिक वर्षातून एकदाच असते!” खरं आहे. पण गणपती, दिवाळी, भिशी आणि वाढदिवसही वर्षातून एकेकदाच असतात. सगळे मिळून वर्ष होतं. श्रीखंडाला आमच्याकडे चक्क्याइतकीच साखर पडते, म्हणजे शंभर ग्रॅमच्या वाटीत पन्नास ग्रॅम. अमेरिकन हार्ट असोसिएशन वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा बायकांना २५ आणि पुरुषांना ३६ ग्रॅम सांगते. त्याच संस्थेने २०१८ साली आपल्या दक्षिण आशियाई लोकांमधल्या हृदयविकाराच्या वाढत्या धोक्यावर स्वतंत्र निवेदन काढलं. पिकनिकला आजूबाजूला पाहिलं, तर स्टेंट बसवलेले चारपाच जण मला नावानिशी सांगता येतील. तुम्हालाही येतील.

म्हणून कार्यकारिणीला नम्र सूचना. श्रीखंड राहू द्या, पण लहान वाट्यांत. मस्तानीऐवजी ताक ठेवा. एक तळण कमी करून खमंग काकडी वाढा. दाण्याचं कूट आधी घाला, मीठ मात्र वाढायच्या क्षणी, नाहीतर पाणी सुटतं.

मक्याचा कीस चाळीस जणांना पुरेल एवढा मी आणीन. कणसं किसायला दोघी-तिघी आदल्या दिवशी आल्या तर बरं होईल. चहा माझ्याकडे. ह्यांच्या कपात साखर घालू नका एवढंच.