चित्र आणि चित्राची ओळख



पूर्वी घरोघरी छायाचित्रांचे आल्बम असत. चित्राच्या पाठीवर कोणीतरी शाईने साल लिही, नावे लिही. आणि त्या दोन ओळींमुळे पन्नास वर्षांनंतरही नातवंडांना पणजीची ओळख पटे. आज तोच ठेवा हार्ड डिस्कवर असतो. सावध कुटुंबे त्याची जादा प्रत, म्हणजे बॅकअप, काढून ठेवतात, ही स्तुत्य गोष्ट होय. परंतु जुना संगणक बंद पडून नवा येतो आणि ती प्रत पुन्हा नित्याच्या संग्रहात आणावी लागते, तेव्हा चित्रे येतात, पण त्यांची ओळख पुष्कळदा वाटेतच गळून पडते. ती कशी राखावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम तारखेचा विचार करू. डिजिटल चित्रास दोन तारखा असतात. एक फाइलीची, ती प्रती काढताना बदलू शकते. दुसरी चित्र टिपल्याच्या क्षणाची. ती कॅमेरा स्वतः चित्राच्या पोटात लिहून ठेवतो. 1995 साली जपानात ठरलेल्या या नोंदपद्धतीस 'एक्झिफ' म्हणतात. संग्रह लावावा तो या दुसऱ्या तारखेने. नावावर तर मुळीच विसंबू नये. बहुतेक कॅमेऱ्यांचे अनुक्रमांक 9999 पर्यंत जाऊन पुन्हा आरंभापासून सुरू होतात. म्हणून एकाच नावाची दोन निराळी चित्रे सहज आढळतात, आणि एकावर दुसरे लिहिले गेले तर पहिले नाहीसे होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लाइटरूम क्लासिकसारख्या साधनाचा कॅटलॉग म्हणजे ग्रंथालयाची सूची होय, ग्रंथ नव्हेत. त्यात चित्राचा पत्ता, दिलेली नावे, तारांकने आणि केलेल्या सुधारणा यांची नोंद असते. मूळ चित्रे बाहेर फोल्डरांत राहतात. म्हणून दोहोंचा बॅकअप हवा. दोन्ही हाती असतील तर चित्रे नव्याने इम्पोर्ट करू नयेत. फोल्डरांची मांडणी जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवावी, जुना कॅटलॉग उघडावा आणि त्यास फोल्डराचा नवा पत्ता दाखवावा. नव्या कॅटलॉगात पुन्हा आरंभ केल्यास, फाइलींत न उतरवलेले सारे श्रम वाया जातात.

कॅटलॉग हरवला असेल तर मात्र इम्पोर्ट करण्यावाचून गत्यंतर नाही. त्या वेळी बॅकअपच्या डिस्कवरून 'मूव्ह' कधीही करू नये; 'कॉपी' करावी, म्हणजे मूळ प्रत जागीच राहते. रॉ फाइलींशेजारी त्याच नावाच्या एक्सएमपी फाइली असल्यास त्या अवश्य बरोबर न्याव्यात. पूर्वीच्या सुधारणा त्यांत असू शकतात. दुबार चित्रे टाळण्याची खूण चालू ठेवावी. मात्र हे साधन मूळ नाव, टिपल्याची वेळ आणि फाइलीचा आकार हे तिन्ही जुळले, तरच चित्र दुबार मानते. बेळगावच्या मावशीने व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून धाडलेली प्रत आकाराने लहान होते, तिच्यातील मूळ नोंदही बहुधा पुसली जाते. तेव्हा तिची पारख आपल्याच डोळ्यांनी करावी लागते.

काम आटोपल्यावर चित्रांची संख्या दोन्हीकडे मोजून पाहावी. प्रत्येक वर्षातील काही चित्रे पूर्ण आकारात उघडावीत. लहान प्रतिमा नीट दिसते म्हणून मूळ फाइल धड आहे असे समजू नये. ही खात्री होईपर्यंत जुनी डिस्क पुसू नये, आणि नंतरही एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी.

इतके करूनही एक काम उरते. चित्र कोणत्या दिवशी टिपले हे यंत्र सांगेल. एकसारखे चेहरेही ते एकत्र करील. परंतु मांडवाच्या कोपऱ्यात उभी असलेली ती वृद्धा कोणाची कोण, हे त्यास ठाऊक नाही. ते घरातील एखाद्या आजोबांना वा आत्याबाईंनाच ठाऊक असते. ती माणसे आपल्यात आहेत तोवर एखाद्या संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसावे, चित्रे एकेक करून दाखवावीत आणि ती सांगतील ती नावे तेथल्या तेथे लिहून फाइलींत जतन करावीत. डिस्कची दुसरी प्रत काढता येते. त्यांच्या आठवणीची काढता येत नाही.