पोराचं चित्त थाऱ्यावर नाही? उपचार आहेत, पण शिफ्टमधून वेळ कोण काढणार?

चाकण (ता. खेड) : महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, कुरुळी या पट्ट्यात बरीच घरं शिफ्टवर चालतात. बाप एक आठवडा पहिल्या शिफ्टला, पुढचा आठवडा रात्रपाळीला. आई कुठं कँटीनला, कुठं पॅकिंगला. अशा घरातलं पोरगं वर्गात एका जागी बसत नाही, वह्या हरवतं, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतं. मग दोनच इलाज होतात : पाठीत धपाटा, नाहीतर अंगारा.

डॉक्टर याला एडीएचडी म्हणतात. मेंदूच्या वाढीशी संबंधित हा त्रास जगात १०० मुलांमागे साधारण ५ जणांना असतो. काही मुलं, विशेषतः मुली, दंगा करत नाहीत, नुसती हरवल्यासारखी बसतात. ती तर कुणाच्या ध्यानातही येत नाहीत.

मात्र प्रत्येक चंचल पोर आजारी नसतं. रक्त तपासून किंवा स्कॅन काढून हा आजार कळत नाही. लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान ६ महिने टिकलेली आणि घर-शाळा दोन्हीकडे दिसणारी हवीत. त्याआधी कान, डोळे आणि झोप तपासून घ्यावी लागते.

उपचार काय?

मूल ६ वर्षांच्या आतलं असेल तर आधी आई-वडिलांना शिकवतात. एका वेळी एकच काम सांगायचं, केलं की लगेच शाबासकी द्यायची, जेवण-अभ्यास-झोपेची वेळ ठरवायची. शाळेत पुढच्या बाकावर बसवायचं, काम तुकड्या-तुकड्यानं द्यायचं.

६ वर्षांपुढे त्रास जास्त असेल तर गोळी जोडतात. मिथाइलफेनिडेट लवकर काम करते. साधी गोळी सुमारे ४ तास टिकते, लांब पल्ल्याची शाळा सुटेपर्यंत पुरते. भूक आणि झोप कमी होऊ शकते, म्हणून वजन, उंची, रक्तदाब तपासत राहावं लागतं. ॲटोमॉक्सेटिनचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. दोन्ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची. शेजारच्या पोराची गोळी आपल्या पोराला देणं धोक्याचं.

जायचं कुठं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा येतं. ज्या ३० प्रकारच्या तक्रारी शोधायच्या, त्यात एडीएचडी आहे. पुढची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पिंपरीत वायसीएम, औंधला जिल्हा रुग्णालय, पुण्यात ससून आहे. फोनवर सल्ला हवा तर टेलिमानसचा १४४१६ क्रमांक चोवीस तास चालतो.

अडतं कुठं?

गोळी एका चिठ्ठीवर मिळते, पण शिकवणी एका दिवसात होत नाही. पुन्हा पुन्हा जावं लागतं. ओपीडी सहसा सकाळी असते. नाशिक फाट्यापर्यंतची कोंडी पार करून औंधला जायचं म्हणजे एक खाडा. कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे त्या दिवसाची हजेरी गेली. म्हणून दोन फेऱ्यांनंतर उपचार सुटतो आणि पोराच्या कपाळी 'वांड' हा शिक्का कायम राहतो. त्यात शिफ्ट दर आठवड्याला बदलते, आणि या मुलांना तर ठरलेली वेळच सगळ्यात जास्त लागते.

यावर उपाय गावातच सुरू होऊ शकतो. पथक कधी येणार ते शाळेत आधीच विचारून ठेवा. पोराला काय होतं ते गुरुजींकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. आई-वडील कामावर असतील तर आजी किंवा चुलतीला बरोबर न्या, कारण दिवसभर पोराजवळ तीच असते. आणि ग्रामसभेत एक मागणी लावून धरा : महिन्यातून एक दिवस तरी बालमानसोपचाराचा डॉक्टर चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात बसावा. एवढं झालं तरी बऱ्याच घरांचा खाडा वाचेल आणि उपचार मध्येच सुटणार नाही.