प्रश्नाला खुर्ची हवी

नगर जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या संगणकशास्त्र विभागात पाहुण्या संशोधकाचे व्याख्यान ठरले म्हणजे काय घडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगावयास नको. आठ दिवस आधी फ्लेक्स छापला जातो. त्यावर संस्थेच्या अध्यक्षांचे, सचिवांचे आणि प्राचार्यांचे छायाचित्र असते. जागा उरली तर पाहुण्यांचेही असते. ठरलेल्या दिवशी दीड-दोनशे मुलेमुली सभागृहात आणून बसविली जातात. हजेरीचा कागद आधी फिरतो, पाहुणे मागाहून येतात. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि अध्यक्षीय मनोगत. यात पाऊण तास जातो. पाहुणे चाळीस मिनिटे बोलतात. त्यांचे शेवटचे वाक्य पुरे होते न होते तोच ध्वनिक्षेपकावरून ते वाक्य येते, जे या जिल्ह्यात कोपरगावापासून जामखेडपर्यंत एकाच चालीत म्हटले जाते : ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येणार नाहीत, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ नंतर आभार, राष्ट्रगीत आणि अल्पोपाहार.

माझे भांडण या एका वाक्याशी आहे. हारतुऱ्यांना वेळ मिळतो, आभाराला मिळतो, पोह्यांनाही मिळतो. वेळेचा अभाव नेमका प्रश्नालाच कसा जाणवतो?

हे मी काठावर उभा राहून लिहीत नाही. या विषयाचा शिक्षक म्हणून मी अशा समारंभांत हार घालणाऱ्यांतही होतो आणि घालून घेणाऱ्यांतही. माझ्या कपाटात अशा व्याख्यानांत मिळालेल्या तेरा शाली आहेत. त्या तेरांपैकी एकाही ठिकाणी कोणी प्रश्न विचारून मला घाम फोडलेला नाही. शाल पांघरावयाची पाळी आली, घाम पुसावयाची कधी आली नाही, आणि याची लाज वाटावयास मला फार वर्षे लागली.

आता कोणी म्हणेल, व्याख्यान ऐकणे ही तर आपली जुनी परंपरा आहे. ती आहेच, आणि मला तिचा अभिमान आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि गावोगावच्या व्याख्यानमालांनी महाराष्ट्राला विचार करावयास शिकविले. परंतु व्याख्यानमालेतील भाषण वेगळे आणि संशोधकाने विभागात येऊन आपल्या कामाविषयी बोलणे वेगळे. पहिल्यात वक्ता आपला सिद्ध झालेला विचार समाजापुढे मांडतो. दुसऱ्यात त्याने आपले असिद्ध काम मांडावयाचे असते : हे मला सुटले, इथे मी अडलो, ही वाट मी सोडून दिली, ती का सोडली ते तुम्ही तपासून पाहा. श्रोता तेथे पाहुण्याच्या कामाचा परीक्षक असतो, मग तो पदवीच्या दुसऱ्या वर्षात का असेना. परीक्षकाचे तोंड बंद ठेवून घेतलेली परीक्षा जशी, तसे प्रश्नोत्तरांवाचूनचे संशोधन-व्याख्यान.

दुसऱ्या वर्षाच्या मुलाला काय कळणार, असे विचारणाऱ्यांना मी २००२ सालच्या ऑगस्ट महिन्याची आठवण करून देतो. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे ठरविण्याची अशी रीत आहे का, की जी कधीही चुकणार नाही आणि संख्येचे अंक वाढत गेले तरी जिचे श्रम आवाक्याबाहेर जाणार नाहीत? मूळ संख्या ओळखण्याच्या प्रश्नाचे महत्त्व गाउसने १८०१ सालीच लिहून ठेवले होते. त्याला हवे तसे उत्तर कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या तिघांनी दिले. यांतील कयाल आणि सक्सेना हे दोघे नुकतेच पदवीधर झालेले विद्यार्थी होते. उत्तर अवघड खरेच. पण प्रश्न आठवीतल्या मुलालाही समजतो. आमच्या सभागृहांत मात्र प्रश्न सांगितलाच जात नाही. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेतील अद्ययावत प्रवाह’ असे नाव असलेले व्याख्यान मी इतक्या वेळा ऐकले आहे, आणि खोटे कशाला बोलू, इतक्या वेळा दिले आहे, की ते प्रवाह आता डबक्याप्रमाणे एका जागी स्थिर झाले आहेत. प्रवाह सांगितले की टाळ्या मिळतात. अडलेली जागा सांगितली की प्रश्न येतात. वक्ता टाळ्यांची वाट धरतो, यात त्याचा एकट्याचा दोष नाही. आपण त्याला बोलावतोच टाळ्यांसाठी.

का बोलावतो, तेही स्पष्ट बोलू. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी ‘नॅक’ ही संस्था १९९४ साली स्थापन झाली. तिचा हेतू वाईट नव्हता. पण संशोधनपद्धती, बौद्धिक संपदा, उद्योजकता या विषयांवर पाच वर्षांत किती कार्यशाळा आणि परिसंवाद झाले, हे तिच्या तक्त्यांत मोजले जाऊ लागले. पुढे पुराव्यासाठी स्थळाचे अक्षांश-रेखांश उमटलेली छायाचित्रे आली. त्या छायाचित्रात कोण उभे होते ते दिसते, मागचा फ्लेक्स दिसतो, पृथ्वीच्या पाठीवरची नेमकी जागा दिसते. मुलांना काय कळले, ते दिसण्याची सोय नाही. जे मोजले जाते ते वाढते, हा व्यवहाराचा नियम आहे. व्याख्यानांची संख्या वाढली, प्रश्नांची वाढली नाही; कारण प्रश्नांना रकाना नव्हता. मात्र सगळे खापर ‘नॅक’च्या माथी फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. सत्कार पाऊण तास चालवा, असे तिने कोठेही लिहिलेले नाही. मुलांनी विचारलेले प्रश्न अहवालाला जोडू नका, असेही लिहिलेले नाही. ती भर आमची आहे.

या सगळ्यात बिघडले काय, चार घटका करमणूक झाली, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक प्रसंग सांगतो. जिल्ह्याच्या उत्तर भागात एके ठिकाणी मी पाहुणा म्हणून गेलो होतो. समारंभ यथासांग पार पडला, ते वाक्यही झाले. मी मोटारीकडे निघालो असता एक मुलगा जिन्यात आडवा आला. प्रवराकाठच्या गावचा, बहुधा घरातला पहिलाच कॉलेजात आलेला. म्हणाला, ‘सर, आमच्या उसाला तोड कधी येणार, हे कॉम्प्युटरला काढता येईल का?’ बरोबरचे प्राध्यापक हसले. मीही हसलो. ‘छान प्रश्न आहे, मला मेल करा,’ असे म्हणून मी मोटारीत बसलो. मेल आला नाही. तो का यावा?

पुण्याच्या रस्त्यावर निम्मे अंतर काटल्यावर माझ्या ध्यानात आले, की त्या दिवशी त्या इमारतीत संशोधनाचा एकच प्रश्न उच्चारला गेला होता, आणि तो जिन्यात. कारखान्याकडे नोंदलेल्या लागणीच्या तारखा असतात, उसाच्या जाती असतात, शेतांची अंतरे असतात, तोडणीच्या टोळ्या मोजक्या असतात आणि कारखान्याची रोजची गाळपाची शक्ती ठरलेली असते. ऊस तोडून पडला तर साखर उतरते. उभा राहून तुरे आले तरी नुकसान शेतकऱ्याचेच. मग कोणाचे शेत आधी आणि कोणाचे नंतर? दहाच शेते असली तरी त्यांचे क्रम ३६,२८,८०० होतात. वीस शेतांच्या क्रमांची संख्या एकोणीस अंकी होते. सगळे क्रम तपासत बसणे यंत्रालाही शक्य नाही. तेव्हा न तपासता चांगला क्रम कसा काढावा, आणि ‘चांगला’ म्हणजे कारखान्याला चांगला की शेवटच्या शेतकऱ्याला न्याय्य, हा आमच्या शास्त्रातला अस्सल प्रश्न आहे. जगातील मोठमोठी विद्यापीठे क्रमनियोजनाच्या अशाच प्रश्नांवर डोके झिजवीत आली आहेत. त्या मुलाला मात्र त्या दिवशी एवढेच कळले, की विद्या म्हणजे पुण्याहून मोटारीने येणारी आणि शाल घेऊन परत जाणारी वस्तू आहे; आपल्या बांधावरच्या गोष्टीला तिच्यात जागा नाही. माझ्या चाळीस मिनिटांपेक्षा हे शिक्षण त्याच्या अधिक लक्षात राहिले असणार.

हे ज्या जिल्ह्यात घडते त्याचे मला विशेष वाईट वाटते. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना उभे केले, तेव्हा धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्राचा पंडित प्रवरेच्या कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला, आणि १९५० साली तो कारखाना चालू झाला. पंडित गावात आला तो सत्कार घेऊन परतण्यासाठी आला नव्हता. शेतकऱ्यांचे प्रश्न ऐकत वर्षानुवर्षे त्यांच्याबरोबर बसला. त्याच जिल्ह्यात हिवरे बाजारचे लोक दरवर्षी पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडतात आणि त्यावरून पिके ठरवितात. आकडे मांडून, सर्वांदेखत वाद घालून निर्णय करण्याची ही रीत शेतकऱ्यांना जमते आणि संगणकशास्त्राच्या विभागांना जमत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगावे?

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला : आमची मुले प्रश्नच विचारीत नाहीत, मग वेळ ठेवून काय उपयोग? हे म्हणजे विहिरीला झाकण घालून पोहरा रिकामा येतो अशी तक्रार करण्यासारखे आहे. मुले जिन्यात विचारतात, कँटीनमध्ये विचारतात. दोनशे जणांपुढे, अध्यक्षांच्या देखत, इंग्रजीत विचारीत नाहीत. त्यांना मराठीत विचारू द्या. शास्त्रातल्या संज्ञा इंग्रजी राहिल्या म्हणून बिघडत नाही. शंका मात्र माणसाला आपल्या भाषेतच येते.

दुसरा आक्षेप : पाया कच्चा असलेल्या मुलांपुढे संशोधन काय बोलणार? याचे उत्तर मॉस्कोतील एका प्रथेत आहे. इस्राएल गेल्फांड हा मोठा गणिती होता आणि त्याचे चर्चासत्र वक्त्यांच्या दृष्टीने भीतिदायक होते. तो श्रोत्यांतल्या एखाद्याला ‘कसोटीचा श्रोता’ नेमीत असे. त्या श्रोत्याला जे समजले नाही ते वक्त्याने पुन्हा सांगावयाचे. आमच्याकडे असा श्रोता नेमला, तर ‘अद्ययावत प्रवाह’ दहा मिनिटांत आटतील आणि उरलेल्या वेळात काही तरी शिकून होईल.

तिसरा आक्षेप सर्वांत गोड : अतिथीचा सन्मान ही आपली संस्कृती आहे. संस्कृतीचाच दाखला हवा असेल तर लांब जावयास नको. याच जिल्ह्यात, नेवाशाला, प्रवरेच्या काठी शके १२१२ मध्ये म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. संस्कृतात असलेला अर्थ मराठी श्रोत्यांपुढे उलगडणारे ते निरूपण होते. तो ग्रंथ वाचताना समोर श्रोते बसले आहेत, त्यांचे मन वक्ता जाणतो आहे, याचा क्षणोक्षणी प्रत्यय येतो. गुरूची स्तुती लांबली म्हणजे ती पुरे कर आणि ग्रंथाचा अर्थ सांग, असे खुद्द निवृत्तिनाथ सुचवितात, असाही प्रसंग त्यात आहे. ज्याची स्तुती चालली आहे त्यानेच ती थांबवावी, ही आपली संस्कृती. आमच्या समारंभात असा निवृत्तिनाथ एकही निघत नाही, आणि तेरा शालींचा धनी असलेला मी तर नव्हतोच.

म्हणून मागणी अगदी साधी करतो, तिला खर्चही नाही. संशोधन-व्याख्यानात सत्कार नको. स्वागताचे एक वाक्य आणि पाण्याचा पेला पुरे. पाहुण्याने आपल्या कामातील एक न सुटलेला प्रश्न आठवडाभर आधी एका पानात लिहून पाठवावा, आणि विभागाने तो मुलांना मराठीत समजावून द्यावा. अर्धा तास बोलणे, अर्धा तास प्रश्न. वेळ अपुरा पडला तर बोलणे तोडावे. प्रत्येक प्रश्न, मग तो कितीही भाबडा असो, विचारणाऱ्याच्या नावानिशी अहवालात लिहावा. सहा महिन्यांनी त्या प्रश्नांचे काय झाले, हे त्याच सभागृहात सांगावे. आणि हजेरीचा कागद फाडून टाकावा. दोनशेऐवजी वीसच मुले आली तर फ्लेक्सच्या छायाचित्राला शोभा येणार नाही, एवढाच तोटा.

कोणा विभागाला हे मान्य असेल तर मी यावयास तयार आहे. विषय उसाच्या तोडीचा घेईन. त्याचे उत्तर मला येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. व्यासपीठावर दोनच खुर्च्या मांडा : एक माझी, आणि दुसरी त्या जिन्यातल्या मुलाची.