लिंबूटिंबूंना खेळायला घ्या!

आपल्याकडे क्रिकेटच्या बातम्यांत एक शब्द हमखास येतो. लिंबूटिंबू. समोर नेदरलँड्स, नामिबिया, स्कॉटलंड असं कोणी असलं की झालेच ते लिंबूटिंबू. पण हा शब्द आला कुठून ते आठवा. वाड्यात किंवा सोसायटीत खेळताना एखाद्याचा धाकटा भाऊ मागे लागायचा, मग त्याला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे. तो आउट झाला तरी आउट नाही, पण खेळात मात्र आहे. दोन-चार वर्षांत तोच पोरगा आपल्याला बोल्ड करायला लागायचा. म्हणजे लिंबूटिंबू हा बाहेर काढण्यासाठी नाही, आत घेण्यासाठी काढलेला नियम होता.

आयसीसीच्या वनडे वर्ल्ड कपने हा नियम उलटा केला, आणि माझं भांडण त्याच्याशीच आहे.

आधी आकडे बघू. १९७५, ७९, ८३ आणि ८७ मध्ये वर्ल्ड कपला ८ संघ होते. १९९२ ला ९. १९९६ आणि ९९ ला १२. २००३ ला १४ आणि २००७ ला १६. इथपर्यंत ग्राफ वर जातो, खेळ वाढतोय म्हटल्यावर तो जायलाच हवा. मग २०११ आणि २०१५ ला १४, आणि २०१९ आणि २०२३ ला धाडकन १०. गंमत म्हणजे २०१७ साली आयर्लंड आणि अफगाणिस्तानला टेस्ट दर्जा मिळून टेस्ट खेळणारे देश झाले १२. म्हणजे टेस्ट खेळायला लायक, पण 'विश्व'चषकात जागा नाही, अशी परिस्थिती. आयसीसीचे एकूण सदस्य तर शंभराच्या वर आहेत. बाकीच्यांनी काय टीव्ही बघायचा?

हे असं का झालं? माझ्या मते उत्तर एका तारखेत आहे. १७ मार्च २००७. त्या दिवशी वेस्ट इंडिजमध्ये बांगलादेशने भारताला आणि आयर्लंडने पाकिस्तानला हरवलं. तेव्हा चार-चारचे चार गट होते. साखळीत तीनच सामने, एक घसरला की संपलं. दोन्ही मोठे संघ पहिल्याच फेरीत घरी आले. सुपर एटमध्ये बार्बाडोसला भारत-पाकिस्तान होईल अशी ज्या सामन्याकडून सगळ्यांची अपेक्षा होती, तो प्रत्यक्षात बांगलादेश-आयर्लंड झाला. (आणि आयर्लंडने तो जिंकलासुद्धा.) जाहिरातवाल्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

आता कागदावर कारण 'दर्जा' वगैरे असतं. पण फॉरमॅट वाचता येतो हो. २००७ मध्ये प्रत्येक संघाला किमान ३ सामने होते. २०११ मध्ये ६. २०१९ मध्ये ९. भारत कितीही वाईट खेळला तरी आता त्याचे नऊ सामने पक्के. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनला एक बग आला, आणि तो दुरुस्त करायचा म्हणून आपण युजरच काढून टाकले. :)

यावर नेहमीचे चार आक्षेप येतात. एकेक घेऊ.

पहिला आक्षेप: स्पर्धा फार लांबते. ठीक, मोजू. २००७ च्या १६ संघांच्या वर्ल्ड कपमध्ये ५१ सामने झाले, ४७ दिवसांत. २०१९ च्या १० संघांच्या वर्ल्ड कपमध्ये ४८ सामने, ४६ दिवसांत. सहा देश हाकलून वाचवले किती, तर तीन सामने आणि एक दिवस! २०२३ मध्येही तेच, ४८ सामने आणि ४६ दिवस. तेव्हा 'लांबते' हा मुद्दा इथेच निकालात.

दुसरा: सामने एकतर्फी होतात. होतात, नाकारत नाही. २००३ मध्ये कॅनडा ३६ वर आणि नामिबिया ४५ वर ऑल आउट झाले होते. २००७ मध्ये भारताने बर्म्युडाला ४१३ ठोकले. (आपल्याला त्या सामन्यातलं काय आठवतं? लेव्हरॉकने स्लिपमध्ये झेप मारून घेतलेला उथप्पाचा कॅच!) २०२३ मध्ये नेदरलँड्स ऑस्ट्रेलियाकडून ३०९ धावांनी हरले, तेही खरं. पण त्याच वर्ल्ड कपमध्ये वानखेडेवर श्रीलंका ५५ वर गारद झाली. माजी विश्वविजेते ते. त्यांना कोणी म्हटलं का, की पुढच्या वेळी येऊ नका? आणि नेदरलँड्सने धरमशालाला दक्षिण आफ्रिकेला हरवलं होतं, हे कुठे गेलं?

एकतर्फीच काढायचं तर अगदी सुरुवातीपासून काढू. ७ जून १९७५, लॉर्ड्स. इंग्लंड ६० षटकांत ३३४. समोरचा संघ पूर्ण ६० षटकं खेळून ३ बाद १३२. सलामीवीर शेवटपर्यंत नाबाद, १७४ चेंडूंत ३६. दोनशे दोन धावांनी पराभव. कोण तो लिंबूटिंबू? आपणच की. १९७५ आणि ७९ मिळून भारत सहा सामने खेळला आणि एक जिंकला, तोही पूर्व आफ्रिकेविरुद्ध. १९७९ मध्ये तर श्रीलंकेनेही आपल्याला हरवलं, जिला तेव्हा टेस्ट दर्जाही नव्हता. आज जो 'दर्जा'चा निकष लावतात तो तेव्हा लावला असता तर १९८३ ला लॉर्ड्सच्या बाल्कनीत कपिल उभा राहिला नसता.

आणि कपिलचे ते १७५? आपण त्या खेळीबद्दल अजूनही डोळ्यांत पाणी आणून बोलतो. समोर होता झिम्बाब्वे, तेव्हाचा असोसिएट संघ, पात्रता स्पर्धा जिंकून आलेला. त्याच लिंबूटिंबूने भारताची ५ बाद १७ केली होती, म्हणून तर १७५ ची गरज पडली. त्याआधी नऊ दिवस त्यांनी ऑस्ट्रेलियाला पाडलं होतं.

तिसरा आक्षेप: लायकी असेल तर पात्रता फेरीतून येतील. हा मला सगळ्यात ढोंगी वाटतो. आपल्यापैकी प्रत्येकाने फ्रेशर असताना हे झेललंय. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. २०१८ च्या पात्रता फेरीत दहा संघ होते आणि जागा दोन. हरारेला स्कॉटलंड वेस्ट इंडिजविरुद्ध जिंकण्याच्या वाटेवर होतं. बेरिंग्टनला चुकीचं पायचीत दिलं, दाद मागायला डीआरएस नाही, कारण या स्पर्धेत ते ठेवलंच नव्हतं. मग पाऊस आला आणि स्कॉटलंड डकवर्थ-लुईसने ५ धावांनी बाहेर. ज्या सामन्यावर एका देशाच्या क्रिकेटची पुढची चार वर्षं ठरतात, तिथे साधा रिव्ह्यू नाही? त्याच स्कॉटलंडने २०२३ मध्ये हरारेलाच वेस्ट इंडिजला हरवून वर्ल्ड कपच्या बाहेर काढलं, तरी स्वतः आत येऊ शकले नाहीत.

चौथा: केनियाला संधी दिली होती की, काय केलं त्यांनी? पुणेकरांना तरी हे विचारायला नको. २९ फेब्रुवारी १९९६, नेहरू स्टेडियम. केनिया १६६ वर ऑल आउट, आणि वेस्ट इंडिज ९३ वर. लारा आठ धावांवर. २००३ मध्ये हाच केनिया सेमीफायनलला पोचला. (न्यूझीलंड नैरोबीला गेलं नाही, त्याचे गुण मिळाले होते, मान्य. पण श्रीलंकेला त्यांनी मैदानात हरवलं होतं.) त्यानंतर? टेस्ट दर्जा नाही, मोठ्या संघांशी नियमित मालिका नाहीत. त्यांच्या बोर्डाचा कारभार गचाळ होता, हे खरंच. पण चार वर्षांतून एकदा जेवायला बोलवायचं आणि मग 'वजन का वाढत नाही' विचारायचं, हा कुठला न्याय? २०१४ मध्ये केनियाचा वनडे दर्जाही गेला. बांगलादेशची गोष्ट उलटी. १९९९ ला वर्ल्ड कपमध्ये आले, पाकिस्तानला हरवलं, २००० मध्ये टेस्ट दर्जा मिळाला आणि २००७ मध्ये त्यांनी आपल्याला घरी पाठवलं. शिडी दिली की माणूस चढतो.

आता सगळ्यात बोचणारी गोष्ट. २ मार्च २०११ ला बंगळुरूमध्ये आयर्लंडने ३२८ चा पाठलाग करून इंग्लंडला हरवलं, केविन ओब्रायनचं ५० चेंडूंत शतक. महिन्याभराने २ एप्रिलला वानखेडेवर धोनीने सिक्स मारला, आपण रस्त्यावर नाचलो. आणि दोन दिवसांनी त्याच मुंबईत आयसीसीच्या बैठकीत ठरलं की पुढचा वर्ल्ड कप १० संघांचा, फक्त पूर्ण सदस्यांचा. ओरडा झाला म्हणून २०१५ पुरतं मागे घेतलं, आणि २०१९ ला केलंच.

हे सगळं कोणाच्या नावावर चालतं? तुमच्या-माझ्या. २०२४ ते २०२७ साठी आयसीसीच्या उत्पन्नाची जी वाटणी बातम्यांत आली, त्यात एकट्या भारताचा वाटा ३८.५ टक्के. नव्वदच्या वर असोसिएट देशांना सगळे मिळून साधारण ११. आपण प्रेक्षक आहोत म्हणून हा पैसा आहे, आणि आपल्याला भारताचे नऊ सामने बघायला मिळावेत म्हणून दार बंद आहे. असं आपण कधी मागितलं होतं?

उलट २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपला २० संघ होते. तिथे मुंबईचा सौरभ नेत्रावळकर, ओरॅकलमध्ये काम करणारा इंजिनिअर, सुपर ओव्हर टाकून अमेरिकेला पाकिस्तानविरुद्ध जिंकून देतो आणि आपण आठवडाभर त्याचेच फॉरवर्ड पाठवतो. स्पर्धा १० संघांची असती तर अमेरिका दारातच उभी राहिली असती.

२०२७ चा वनडे वर्ल्ड कप १४ संघांचा करायचं २०२१ मध्ये जाहीर झालं, त्याचं स्वागत. पण १४ आधीही होते आणि आपल्या डोळ्यांदेखत १० झाले. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच, की १६ च्या खाली जायचं नाही असं आयसीसीने नियमात लिहावं, पात्रता फेरीतही वर्ल्ड कपसारखंच तंत्रज्ञान द्यावं, आणि प्रत्येक मोठ्या संघाने वर्षातून एक तरी मालिका असोसिएट देशाशी खेळावी. भारताने सुरुवात करावी, कारण त्याला परवडतं.

आणि ते जमणार नसेल तर निदान नाव तरी बदला. निमंत्रितांची स्पर्धा म्हणा, विश्वचषक म्हणू नका.