विश्लेषण : मिठाच्या खाणीत पुरलेला किरणोत्सारी कचरा जर्मनी पुन्हा वर का काढणार?

जर्मनीने १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या. कचरा मात्र उरलाच आहे. त्यातली सुमारे १ लाख २६ हजार पिंपे लोअर सॅक्सनी राज्यातील 'आसे-२' या मिठाच्या जुन्या खाणीत आहेत. ती बाहेर काढावीत, असा कायदाच २०१३ मध्ये झाला.

मीठच का निवडले?

कोट्यवधी वर्षे मिठाचे थर टिकले, म्हणजे तिथे वाहते पाणी पोहोचलेले नाही. शिवाय सैंधव दाबाखाली अतिशय संथपणे सरकते. भेगा आपोआप बुजतात आणि खोदलेली पोकळी हळूहळू मिटत जाते. कल्पना उत्तमच आहे.

मग आसेत काय बिघडले?

जागा चुकली. ही खाण कचऱ्यासाठी खोदलेलीच नव्हती. १९६४ पर्यंत तिथून मीठ काढून झाले होते आणि काही ठिकाणी तर खडकापर्यंत मिठाची पातळ भिंत तेवढी शिल्लक होती. १९६७ ते १९७८ या काळात 'संशोधना'च्या नावाखाली तिथे कमी व मध्यम तीव्रतेचा कचरा उतरवण्यात आला. बरीच पिंपे रचलीही नाहीत, यंत्राने उतारावरून सरळ लोटून दिली! १९८८ पासून खाणीत पाणी झिरपते आहे, रोज साधारण १२ हजार लिटर. ते उपसावे लागते. झिरपा आवाक्याबाहेर गेला तर किरणोत्सारी द्रव्ये भूजलात उतरण्याची भीती आहे.

अमेरिकेचा अनुभव वेगळा आहे. न्यू मेक्सिकोत कार्ल्सबाडजवळ सुमारे ६५५ मीटर खोलीवर याच कामासाठी खोदलेले भांडार १९९९ पासून चालू आहे. २०१४ मध्ये तिथेही एक पिंप फुटले. पण दोष मिठाचा नव्हता. कचऱ्यात मिसळलेली, मांजरांच्या शौचपात्रात घालतात ती सेंद्रिय भुकटी नायट्रेट क्षारांशी रासायनिक क्रिया करून तापली. भांडार जवळपास तीन वर्षे बंद राहिले.

बाहेर काढणे इतके अवघड का?

मिठाचा गुणच इथे आड येतो. सरकणाऱ्या मिठाने दालने दाबली जात आहेत, त्यात अनेक पिंपे चेपली असण्याची शक्यता आहे. म्हणून दूरनियंत्रित यंत्रे आणि नवा उभा बोगदा लागणार. काम २०३३ पासून सुरू करण्याचे नियोजन सरकारी कंपनीने जाहीर केले होते. वर आलेला कचरा तात्पुरता ठेवण्यासाठी तिने खाणीजवळचीच जागा सुचवली. तिला स्थानिकांचा विरोध आहे.